दोन नावांच्या बदल्यात : क्रीडा शिस्त समित्यांना खुले पत्र

प्रति,
महाविद्यालये व विद्यापीठे यांच्या क्रीडा शिस्त समित्यांचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

आपण मला ओळखण्याचे काही कारण नाही. कधीकाळी मी ४ बाय ४०० मीटर रिलेचा शेवटचा टप्पा धावत असे, आणि आपल्यासारख्याच एका समितीपुढे बसून मी एका दुपारी माझ्या दोन सहकाऱ्यांची नावे लिहून दिली होती. त्या कागदाच्या मोबदल्यात माझी खेळण्याची पात्रता शाबूत राहिली आणि त्या दोघांची गेली. या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. त्या समितीतले बहुतेक जण एव्हाना निवृत्त झाले असतील. ती खुर्ची मात्र तिथेच असणार आणि दर वर्षी तिच्यावर कोणीतरी नवे पोर येऊन बसत असणार, म्हणून हे पत्र एका समितीला खासगीत न लिहिता आपणां सर्वांना उघडपणे लिहीत आहे.

प्रकरण हजेरीचे होते. सकाळचा सराव लांबला की पहिले दोन तास बुडत आणि हजेरीची अट पुरी झाली नाही तर स्पर्धेला नाव जात नसे, त्यामुळे आम्ही चौघे एकमेकांची प्रॉक्सी लावत असू. यात फारशी चलाखी नव्हती. हजेरीपट बाकांवरून फिरत येई आणि आमच्यापैकी जो त्या दिवशी लवकर सुटून वर्गात पोहोचला असेल तो चार सह्या ठोकून पट पुढे सरकवी. आमच्या कोचना हे ठाऊक होते. ‘हजेरीचं तुमचं तुम्ही बघा, मला तुम्ही मैदानावर वेळेत पाहिजे,’ एवढेच ते म्हणत. पुढे चार सह्यांचे वळण एकच असल्याचे कोणाच्या तरी लक्षात आले आणि चौकशी लागली.

मला एकट्याला आत बोलावले, तेव्हा टेबलावर तीन हजेरीपट उघडून ठेवले होते आणि संशयास्पद सह्यांभोवती लाल पेन्सिलीने गोल काढले होते. कोणी दरडावले नाही. उलट सगळे फार सौम्यपणे बोलत होते आणि तो सौम्यपणाच मला आजवर जास्त आठवतो. ‘चौघांना वाचवता येणार नाही, एकाला येईल. तुझं टायमिंग चांगलं आहे, पुढे संधी आहे. दोन नावं दे, तेवढी पुरतील.’ माझ्या खिशात पेन होते, तरी एका सदस्यांनी स्वतःचे पेन टोपण काढून माझ्यापुढे धरले. निवड चाचणी नऊ दिवसांवर आली होती. पहिल्या मसुद्यात मी ‘आम्ही सगळेच हे करत होतो’ असे लिहिले. तो कागद परत आला. ‘सगळे म्हणजे कोण? सुरुवात कोणी केली?’ मग मी दुसरा कागद घेतला आणि त्यावर लिहिले की तिसऱ्या टप्प्यावर धावणारा आमचा सहकारी हे सारे ठरवत असे, दुसऱ्या टप्प्यावरचा त्याला साथ देत असे आणि बहुतेक सह्या तिसऱ्याच्याच हातच्या आहेत. या शेवटच्या वाक्याकडे मी पत्राच्या अखेरीस परत येणार आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तिच्याविषयी गैरसमज झाला तर पुढचे सगळे व्यर्थ जाईल. सहकाऱ्याविरुद्ध बोलणे हाच मुळात विश्वासघात, असे माझे म्हणणे नाही. खेळाच्या जगात ही समजूत खोल रुजलेली आहे आणि ती पुष्कळदा गुंडगिरीच्या कामी येते. वसतिगृहात नव्या मुलांचे रॅगिंग होत असेल, कोणी धाकट्या खेळाडूला न सांगता इंजेक्शने देत असेल, एखादा अधिकारी मुलींना त्रास देत असेल, तर तिथे गप्प राहणारा हाच विश्वासघातकी. ‘संघातली गोष्ट संघात’ हे वाक्य तिथे तोंडात कोंबलेल्या बोळ्याचे काम करते. आपल्या भाषेत घरभेदी हा शब्द फार जहरी आहे, पण ते घर कसले होते, आत काय चालले होते, हे विचारण्याची सोय त्या शब्दात नाही.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये १९५१ साली घडलेली गोष्ट या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहे. ज्यूनियस केलॉग हा मॅनहॅटन कॉलेजच्या संघात खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. सामना हरण्यासाठी त्याला १,००० डॉलर देऊ करण्यात आले, आणि हा प्रस्ताव घेऊन आलेला माणूस परका नव्हता. आदल्याच हंगामात तो केलॉगच्या संघाचा सहकर्णधार होता. केलॉगने ही गोष्ट प्रशिक्षकांना सांगितली, ती सरकारी वकिलांपर्यंत गेली आणि तपास करणाऱ्यांच्या सांगण्यावरून त्याने पुढची बोलणी केली. त्यातून निघालेला धागा अनेक महाविद्यालयांच्या खेळाडूंपर्यंत आणि त्यांच्यामागे पैसा लावणाऱ्या जुगाऱ्यांपर्यंत पोहोचला. केलॉगने जुन्या सहकाऱ्याचे नाव घेतले हे खरेच आहे. परंतु त्याच्यावर कसलाही आरोप नव्हता, तो बोलला नसता तर त्याचे काहीही बिघडले नसते, आणि बोलल्यामुळे मात्र पुष्कळ बिघडू शकले असते. माझ्या त्या दुपारच्या कागदाशेजारी ही गोष्ट ठेवली की दोहोंना एकच शब्द लावणे किती अन्यायाचे आहे ते कळते.

याउलट अमेरिकेतल्याच बेलर विद्यापीठाचे २००३ मधले प्रकरण पाहावे. पॅट्रिक डेनेही या बास्केटबॉलपटूचा खून झाला. त्याच्या संघातल्याच एका खेळाडूने पुढे गुन्हा कबूल केला. खुनाशी मुख्य प्रशिक्षक डेव्ह ब्लिस यांचा संबंध नव्हता, परंतु डेनेहीची फी त्यांनी नियमाबाहेर भरली होती आणि चौकशीत ती बाब उघड होईल अशी त्यांना धास्ती होती. तेव्हा मेलेला मुलगा अमली पदार्थ विकून फी भरत असे, असे चौकशीत सांगा, अशी शिकवणी त्यांनी आपल्या खेळाडूंना आणि सहायकांना दिली. खंडन करायला तो मुलगा येणार नव्हता. एबर राउस या तरुण सहायक प्रशिक्षकांनी हे संभाषण गुपचूप टेप केले आणि त्यामुळे ते बाहेर आले. ब्लिस यांच्यावर कारवाई झाली. पण राउस यांना त्या दर्जाच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये पुन्हा उभे राहता आले नाही, कारण वरिष्ठांचे बोलणे टेप करणारा सहायक नको, असे त्या क्षेत्रातल्या मातब्बरांचे मत होते. ब्लिस यांना २०१५ मध्ये एका लहान महाविद्यालयात मुख्य प्रशिक्षकपद मिळाले. आपल्या ताब्यातल्या मृत खेळाडूची बदनामी करून स्वतःची नोकरी वाचवू पाहणारा माणूस पुन्हा मैदानावर येऊ शकतो आणि त्या मुलाची बाजू राखणारा येऊ शकत नाही, यावरून ‘गद्दार’ हे लेबल आमच्या क्षेत्रात कोणाच्या सोयीने लागते ते दिसते.

राउस यांच्याही मनात स्वतःच्या नोकरीचा विचार होता, आणि तो मी त्यांच्याविरुद्ध धरत नाही. माणसाचे हेतू क्वचितच निर्भेळ असतात. स्वतःला वाचवण्यासाठी सांगितलेले सत्य केवळ त्या कारणाने असत्य होत नाही. म्हणून हेतूच्या शुद्धतेवर सारी नीती उभी करण्याचा मोह मी टाळतो. मला अधिक उपयोगी वाटणारा प्रश्न वेगळा आहे : सांगितलेले नाव कोणत्या दिशेला गेले?

केलॉगचे आणि राउस यांचे बोलणे वर गेले. पैसा पुरवणाऱ्याकडे, पद वापरणाऱ्याकडे, ज्याच्या हातात इतरांचे भले-बुरे होते त्याच्याकडे. माझे आडवे गेले. मी ज्यांची नावे दिली ते माझ्याच वयाचे, माझ्याइतकेच दोषी आणि माझ्याइतकेच असहाय होते, आणि त्यांच्या हातून यापुढे कोणाला इजा होणार होती, ती माझ्या बोलण्यामुळे टळली, असेही काही नव्हते. आमच्या कोचबद्दल मला त्या खोलीत एकही प्रश्न विचारला गेला नाही. वर्ग आणि सराव एकाच वेळी लावणारे वेळापत्रक कोणी केले, हेही कोणी विचारले नाही. सन्माननीय सदस्यहो, आपण देऊ करता त्या सवलतीने विकत मिळणारी नावे बहुतेक वेळा आडवीच असतात, कारण समोरच्या पोराला स्वतःच्या बरोबरीच्यांची नावे ठाऊक असतात आणि वरच्यांचे नाव घेतले तर काय होईल याची भीतीही ठाऊक असते.

वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीत १९५१ मध्येच परीक्षेतील नकलेचे मोठे प्रकरण उघडकीस आले. सुमारे ९० छात्रांना जावे लागले आणि त्यांत तिसाहून अधिक फुटबॉल संघाचे होते. ज्यांनी प्रश्न आधी मिळवले तेही गेले आणि ज्यांना ठाऊक असून त्यांनी कळवले नाही तेही गेले, कारण तिथल्या प्रतिष्ठेच्या संहितेत मौन हाही दोषच होता. फुटबॉलचे मुख्य प्रशिक्षक अर्ल ब्लेक यांचा स्वतःचा मुलगा त्या यादीत होता. मुलाला अकादमी सोडावी लागली, वडील १९५८च्या हंगामापर्यंत प्रशिक्षक राहिले. त्यांना काय ठाऊक होते या वादात मी शिरत नाही. सरावाचा आणि अभ्यासाचा जो भार त्या मुलांवर टाकला गेला होता तो टाकणाऱ्यांपैकी कोणीही त्या यादीत नव्हते, एवढीच नोंद करतो.

कोणी म्हणेल, वीस वर्षांचा मनुष्य अजाण नसतो, सही केली ती त्याने शुद्धीवर असताना केली. मान्य आहे. माझा दोष मी आपल्या अंगावर ढकलत नाही. परंतु त्या वयात कारकीर्द वाचवणे म्हणजे काय असते, हे आपण पुष्कळदा बाहेरून पाहता. मनुष्याची नोकरी गेली तर दुसरी शोधता येते. खेळाडूचा हंगाम गेला तर तो हंगाम जगात दुसरीकडे कुठे मिळत नाही. चारशे मीटर धावणाऱ्याच्या पायांत मोजकी वर्षे असतात, आणि शिष्यवृत्ती, वसतिगृहातली खोली, घरच्यांच्या अपेक्षा, स्वतःची स्वतःला पटलेली ओळख, हे सगळे त्या मोजक्या वर्षांना टांगलेले असते. ते सगळे एका कागदावर ठेवून समोर पेन धरले जाते, तेव्हा तो मुलगा नीतीचा विचार करत नाही. दोन नावे लिहिली तर सुटका होते की तीन लिहावी लागतील, याचा हिशोब तो करत असतो. मी केला होता.

न्यायालयांना या व्यवहाराची जोखीम फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आपल्याकडे त्यासाठी ‘माफीचा साक्षीदार’ असा रोखठोक शब्दप्रयोगच आहे. १८७२च्या भारतीय पुरावा कायद्याने सहअपराध्याला साक्ष देण्यास पात्र ठरवले, आणि त्याच कायद्याच्या कलम ११४च्या एका दृष्टांतात असेही म्हटले की महत्त्वाच्या तपशिलांना स्वतंत्र दुजोरा मिळाल्याशिवाय सहअपराधी विश्वासार्ह नाही, असे न्यायालय गृहीत धरू शकते. ज्याला वाचायचे आहे तो वाढवून सांगेल, हे त्या कायद्याने न लाजता मान्य केले. शिवाय न्यायालयात माफी मिळते ती ‘संपूर्ण व खरी हकीकत’ सांगण्याच्या अटीवर, त्यात साक्षीदाराचा स्वतःचा वाटा सर्वांत आधी येतो, आणि त्याने काही दडवले किंवा खोटे सांगितले तर माफी हिरावून घेऊन त्याच्यावर खटला चालवता येतो. अमुक नावे द्या म्हणजे सोडतो, अशी ती अट नसते.

उत्तेजक द्रव्यांविरुद्धच्या जागतिक संहितेतही हीच सावधगिरी आहे. इतरांचे उल्लंघन उघड करण्यास मोलाची मदत करणाऱ्या खेळाडूच्या बंदीचा काही भाग स्थगित करता येतो, पण सर्वसाधारणपणे तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. म्हणजे मदत केली तरी थोडी शिक्षा त्याच्या वाट्याला राहतेच. त्याला सर्व माहिती सहीनिशी लेखी किंवा मुद्रित केलेल्या मुलाखतीत द्यावी लागते आणि पुढे सहकार्य थांबवले तर स्थगित केलेली बंदी पुन्हा लागू होते. या तरतुदी परिपूर्ण आहेत असे मी म्हणत नाही. पण नावांच्या मोबदल्यात मिळणारी सवलत धोकादायक असते, हे त्यांनी ओळखले आहे.

महाविद्यालयाच्या खोलीत यातले काहीच नव्हते. माझ्या जबाबात माझा स्वतःचा वाटा एका ओळीत आटोपला होता आणि तो वाढवण्यास मला कोणी सांगितले नाही. हस्ताक्षर तज्ज्ञाला दाखवावे असे कोणाच्या मनात आले नाही, खरे तर तीन हजेरीपट टेबलावरच होते. ज्यांच्याविरुद्ध मी लिहिले त्यांना माझा कागद दाखवला गेला नाही, फक्त निर्णय कळवला गेला. आणि मला विचार करायला एक रात्रही मिळाली नाही. ती मिळाली असती तर मी वेगळे लिहिले असते, अशी खात्री मी देऊ शकत नाही. पण आज निदान घाईचा आडोसा घेण्याची माझी सोय राहिली नसती.

म्हणून आपल्याकडे माझे मागणे असे की खेळाडूचा जबाब आणि त्याची पात्रता यांचा सौदा आपण करू नये. कोणाला किती शिक्षा करायची ते त्याने स्वतः काय केले यावरून ठरावे, आणि त्याने मोकळेपणाने स्वतःचा दोष सांगितला तर त्याबद्दल सौम्यता जरूर दाखवावी, परंतु ती त्याने दिलेल्या नावांच्या संख्येवर अवलंबून नसावी. नाव विचारायचेच असेल तर प्रथम वरच्यांचे विचारावे : कोणी सांगितले, कोणाला ठाऊक होते, कोणाचा फायदा झाला. त्या वेळी त्याच्या शेजारी त्याच्या विश्वासातले एखादे मोठे माणूस बसलेले असावे. ज्याच्यावर आरोप ठेवला त्याला तो कागद वाचायला मिळावा. आणि जिथे कोणाच्या तरी जीवाला, देहाला किंवा अब्रूला धोका आहे तिथे बोलणाऱ्याला पूर्ण संरक्षण द्यावे, मग तो संघाचा कितीही लाडका नियम मोडत असो. स्वतःच्या सुटकेसाठी दिलेले नाव आणि कोणाचा धोका टाळण्यासाठी दिलेले नाव, या दोन गोष्टी एकाच कलमाखाली घालण्याची सवय आपण सोडलीत, तर निम्मे काम होईल.

या सगळ्याचे पुढे काय झाले, हे कोणी विचारील. दुसऱ्या टप्प्यावरच्या मुलाने धावणे सोडले. चौथा सहकारी, ज्याचे नाव मी दिले नव्हते, माझ्याबरोबर संघात राहिला आणि त्याने त्याविषयी माझ्याशी कधी एक शब्दही काढला नाही. माझी वाचवलेली कारकीर्द मांडीमागच्या स्नायूच्या दुखापतीने जेमतेम १४ महिन्यांत संपली. ती १४ वर्षे टिकली असती तरी हिशोब तोच राहिला असता, म्हणून तिचा मी प्रायश्चित्तासारखा उल्लेख करत नाही.

४ बाय ४०० मध्ये बॅटन घेणारा मागे वळून बघतो. १०० मीटरच्या रिलेत हात मागे करून न बघता बॅटन घेता येते, कारण येणारा वेगात असतो. ४०० मीटर धावून येणारा मात्र शेवटच्या वीस पावलांत मोडकळीला आलेला असतो, त्याचा चेहरा पाहून आपण कधी निघायचे हे ठरवावे लागते. तिसऱ्या टप्प्यावरच्या त्या सहकाऱ्याचा असा चेहरा मी दोन वर्षे जवळून पाहिला होता. नंतर एकदाच, एका मैदानाच्या फाटकाशी तो भेटला. मी काही बोलण्याआधी त्यानेच विचारले, ‘मग, टायमिंग किती आलं शेवटी?’ मी सांगितले. त्याने मान डोलावली, ‘बरं आहे,’ म्हणाला आणि निघून गेला. त्याने माझा कागद वाचला आहे की नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळले नाही.

राहिले ते वाक्य. आपल्यापैकी ज्या एका समितीच्या दप्तरात तो कागद अजून असेल, तिला माझी विनंती आहे की त्याला हे पत्र जोडावे आणि त्या सहकाऱ्याच्या नावापुढची नोंद दुरुस्त करून त्याला तसे लेखी कळवावे. कागदावर लिहिले आहे की बहुतेक सह्या त्याच्या हातच्या आहेत. लाल पेन्सिलीने गोल केलेल्या त्या सह्यांपैकी बहुतेक माझ्या हातच्या आहेत. हजेरीपट जपून ठेवले असतील तर माझे अक्षर ताडून पाहता येईल. त्यासाठी मी बोलवाल तेव्हा येईन.

आपला नम्र,
एक माजी रिले धावपटू